आठ नंबरचा निरोप

दापोऱ्याच्या सुकलाल महाजनांना एक गाडी हवी होती. आल्या सहा.

गुरुवारी सकाळी त्यांनी केळीच्या बागेत उभं राहून केळी उत्पादक मंडळाच्या ॲपवर ‘गाडी हवी’ हे बटण एकदाच दाबलं होतं. एकदाच, हे त्यांनी नंतर शपथेवर सांगितलं. नऊ वाजता पहिला ट्रक आला, भरायला सुरुवात झाली. सव्वानऊला दुसरा आला. साडेनऊपर्यंत सहा ट्रक एकामागे एक शेतरस्त्यावर उभे होते, आणि रस्ता असा की एक ट्रक आत आला की बैलालाही बाजूने जाता येत नाही. त्यामुळे पहिला ट्रक भरून तयार झाला तरी बाहेर पडेना. शेवटचा मागे हटल्याशिवाय पाचवा हटेना, आणि शेवटचा ड्रायव्हर गाडी लावून नदीवर आंघोळीला गेलेला.

"काकाजी, हमको तो मेसेज आया," दुसरा ड्रायव्हर म्हणाला.

"मले तं नाही आला," सुकलाल म्हणाले. "मी तं वाटच पाहून राह्यलो होतो उत्तराची."

सुकलालच्या बायकोने, सरुबाईंनी, सहा ड्रायव्हर आणि त्यांच्याबरोबरच्या हमालांचा चहा केला, मग कोणी उपाशी जाऊ नये म्हणून भाकरी थापायला घेतल्या. इकडे हे जेवत होते आणि तिकडे चांदनी गावात सरुबाईंचा भाऊ कडू आपल्या कापलेल्या केळीशेजारी बसून होता. मंडळाने त्याला कळवलं होतं की आज गाडी शिल्लक नाही, सगळ्या दापोऱ्याला गेल्या आहेत. वैशाखाचं ऊन. केळीच्या पानांखाली झाकलेले घड दुपारपर्यंत काळवंडायला लागले. संध्याकाळी कडूने बहिणीला फोन केला आणि एवढंच विचारलं, "सहा गाड्या काय करता वं तुम्ही?"

हे ॲप लिहिलं होतं मृणालने. ती बुऱ्हाणपुरात शनवारा भागात सासरी राहायची. नवरा निलेश इंदूरला नोकरीला, रविवारी यायचा. ती घरूनच पुण्याच्या एका कंपनीचं काम करी आणि मंडळाचे सेक्रेटरी अरविंदभाऊ ओळखीचे म्हणून हे ॲप तिने हौसेने करून दिलं होतं.

शुक्रवारी सकाळी अरविंदभाऊंचा फोन आला. ते रागावणारे गृहस्थ नव्हते, त्यामुळे जास्त वाईट वाटलं.

"मृणालताई, सभासद म्हणतात पहिले आम्ही फोन करायचो तेच बरं होतं. सोमवारपर्यंत बघा. नाहीतर बंद करून टाकू, काय करणार?"

मृणाल दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून राहिली. दुपारी सासूबाईंनी, मालतीबाईंनी, ताट आणून ठेवलं ते तसंच राहिलं. शेवटी पाणी प्यायला म्हणून तिचे सासरे वामनराव आत आले आणि तिथेच रेंगाळले.

वामनराव असीरकर चौऱ्याहत्तर वर्षांचे. एकोणचाळीस वर्षं त्यांनी तारखात्यात काढली होती. कडकट्ट ऐकून मजकूर उतरवायचा आणि मजकूर वाचून कडकट्ट करायचं. ते निवृत्त झाले आणि दोन वर्षांनी देशातली तारच बंद झाली. त्या दिवशी ते दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून शेवटची तार करायला गेले होते. कोणाला करावी ते सुचेना म्हणून त्यांनी स्वतःच्याच पत्त्यावर केली. ती आली तेव्हा मालतीबाईंनी सही करून घेतली आणि विचारलं, "काय म्हणताय?" त्यात लिहिलं होतं, ‘सुखरूप.’ तेव्हापासून त्यांना कोणी कामाचं असं काही विचारलं नव्हतं.

"काय झालं पोरी?" त्यांनी विचारलं.

"काही नाही आप्पा. सुकलालकाकांच्या फोनने गाडी मागितली. तिकडे नेटवर्कची एकच कांडी असते. उत्तर यायला उशीर लागला. फोनला वाटलं, निरोप पोचलाच नाही. म्हणून त्याने परत मागितली. अशी सहा वेळा. आणि पोचले होते सगळेच."

"उत्तराला उशीर का?"

"निरोप जड आहे. जातानाही आणि येतानाही."

"जड म्हणजे? मागितली एक गाडी ना? दाखव."

मृणालने निरोप पडद्यावर उघडून दाखवला. वामनरावांनी चष्मा पुसला. वर मंडळाचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता. मग सुकलाल यांचं पूर्ण नाव, गाव, तालुका, जिल्हा, राज्य. त्यांचा फोटो. बागेचं क्षेत्र, केळीची जात, लागवडीची तारीख. मग पुन्हा मंडळाचं नाव. सगळ्यात खाली, तळाला, गाडी. उत्तर तर याच्याही वरताण होतं. त्यात तीनशे सभासदांची यादी फोटोंसकट परत येत होती, कारण कोणाला कधी लागली तर असावी.

"हा लिफाफा असतो आप्पा," मृणाल म्हणाली. "सगळेच असा लावतात."

"लिफाफा घोंगडीएवढा आणि आत चिठ्ठी बोटभर," वामनराव म्हणाले. "अगं, सुकलाल कोण ते मंडळाला माहीत आहे. मंडळ कोण ते सुकलालला माहीत आहे. रोज नव्याने ओळख कशाला करून द्यायची? त्याला एक नंबर दे. दापोऱ्याचा चव्वेचाळीस. बस."

त्यांनी टेबलावरचं रद्दी पाकीट ओढलं आणि पाठकोऱ्या बाजूवर लिहायला लागले. आमच्याकडे, ते म्हणाले, दिवाळीला आणि लग्नसराईत एवढ्या तारा यायच्या की मजकूर पाठवत बसलो असतो तर पुढची दिवाळी आली असती. म्हणून शुभेच्छांना नंबर होते. माणूस काउंटरवर यायचा, भिंतीवरच्या तक्त्यात बघायचा, म्हणायचा आठ नंबर. आम्ही फक्त आठ पाठवायचो. तिकडचा बाबू आपल्या तक्त्यात बघून कागदावर पूर्ण वाक्य लिहायचा. घेणाऱ्याला वाटायचं, वा, काय छान लिहिलंय.

"आणि एकच तार दोनदा गेली तर?" मृणालने विचारलं. ती आता खुर्चीत ताठ बसली होती.

"प्रत्येक तारेला तिचा क्रमांक. शंका आली तर पुन्हा पाठवायची, पण क्रमांक तोच. तिकडच्याने बघायचं, हा क्रमांक आलाय ना? मग दुसरी फाडून टाकायची आणि म्हणायचं, पोचली."

मृणालने कपाळावर हात मारला नाही, पण मारावासा वाटला. हे तिला येत होतं. कंपनीच्या कामात ती हे रोज करायची. इथे मात्र घरचं काम म्हणून राहून गेलं होतं.

शनिवार संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून काम संपवलं. फोटो गेले, पत्ते गेले, लागवडीची तारीख गेली. प्रत्येक निरोपाला क्रमांक आला. नेहमीच्या वाक्यांची एक यादी झाली. ही यादी प्रत्येक फोनने आपल्यापाशी ठेवायची, दर वेळी मागवायची नाही. यादी मृणालने घाईने, ॲपवरची बटणं ज्या क्रमाने होती त्याच क्रमाने केली, त्यात गाडी आठव्या नंबरला आली. वामनरावांनी तिथेही काटकसर केली. ‘गाडी हवी’ आणि ‘गाडी पाठवली’ अशी दोन वाक्यं होती, ती त्यांनी एका नंबरात बसवली.

"शेतकऱ्याकडून आठ आला म्हणजे हवी. मंडळाकडून आठ गेला म्हणजे पाठवली. कोण बोलतंय त्यावरून कळतंच की."

रविवारी सकाळी मृणालने त्यांना स्कूटरवर मागे बसवून दापोऱ्याला नेलं. सुकलालांच्या फोनमध्ये नवीन ॲप घालायला अर्धा तास लागला. मग बागेच्या मधोमध, जिथे नेटवर्कची कांडी मिणमिणत होती, तिथे उभं राहून सुकलालांनी भीतभीत बटण दाबलं. बोट उचलेपर्यंत उत्तर आलं होतं. ‘एक गाडी पाठवली आहे.’

सुकलालांनी फोन उलटा करून मागे पाहिलं. "येवढ्या लवकर तं बाजूच्या खोलीतून सरु बी जवाब देत नाही," ते म्हणाले.

गाडी आली. एकच. वामनराव बांधावर बसून तिच्याकडे बघत राहिले. परत येताना ते स्कूटरवर मागे बसून मांडीवर बोटाने काहीतरी ठोकत होते. मृणालला वाटलं त्यांना भीती वाटतेय, म्हणून तिने वेग कमी केला.

खरी अडचण इथून सुरू झाली, कारण वामनरावांना आता काम मिळालं होतं.

रविवारी दुपारी ते झोपले नाहीत. त्यांनी यादी पुन्हा काढली आणि ती त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागली. पहिल्या नंबराला ‘केळी तयार’, दुसऱ्याला ‘पाणी सुटले’. ज्या माणसाने आयुष्यभर आठ म्हणजे लग्न असं पाठवलं त्याला आठ म्हणजे ट्रक हे सहन होईना. शिवाय मंडळाच्या तीनशे घरांत लग्नं होतात, मुलं होतात, माणसं जातात. मंडळाने त्यांना एका अक्षराने विचारू नये? त्यांनी सुंदर वळणदार अक्षरात नवी यादी केली. पहिले दहा नंबर शुभेच्छांचे आणि सांत्वनाचे, तारखात्यात होते तसे. गाडी अकराव्या नंबरावर गेली. सभासदाकडून आठ आला तर त्याच्या घरी लग्न आहे असं समजून मंडळाने सगळ्यांना कळवायचं. बाकीच्यांनी एक बटण दाबलं की त्याला आठ जायचा, म्हणजे शुभेच्छा.

"छान आहे आप्पा," मृणाल म्हणाली. निलेश आलेला होता, जेवायला मालतीबाई हाका मारत होत्या. तिने यादी मंडळाच्या कॉम्प्युटरवर चढवली आणि फोनांना सांगून ठेवलं की नेटवर्क चांगलं मिळेल तेव्हा ज्याने त्याने नवी यादी उतरवून घ्यावी. गावातल्या फोनांनी ती रात्रीतून घेतली. चांदनीला स्टेशनजवळ नेटवर्क चांगलं, तिथेही पोचली. दापोऱ्याच्या बागेत एकच कांडी. तिथली यादी जुनीच राहिली.

मंगळवारी सकाळी सुकलालांनी उरलेली केळी कापली, पानांखाली झाकली आणि बटण दाबलं. त्यांच्या फोनने गाडी म्हणून आठ पाठवला. मंडळाच्या कॉम्प्युटरने आठ वाचला आणि एका क्षणात, अजिबात उशीर न करता, तीनशे घरांत कळवलं, ‘विवाह: श्री. सुकलाल महाजन, दापोरा. शुभेच्छा देण्यासाठी बटण दाबा.’

लोक चांगले असतात. सकाळची वेळ, चहा हातात, बटण दाबायला काय लागतं? दहा मिनिटांत एकशे सदतीस जणांनी दाबलं. एकशे सदतीस आठ सुकलालांच्या फोनकडे निघाले. आणि सुकलालांच्या फोनमधल्या यादीत आठ म्हणजे काय होतं ते सुकलालांना पाठ होतं.

‘एक गाडी पाठवली आहे.’ ‘एक गाडी पाठवली आहे.’ ‘एक गाडी पाठवली आहे.’ निरोप आता हलके झाले होते, एकही वाटेत अडकत नव्हता. सुकलालांनी पंचवीसपर्यंत मोजले, पुढे फोनच आकडा दाखवत गेला, एकशे सदतीसपर्यंत. त्यांनी परत फोन लावून मंडळाला विचारायचं मनात आणलं, पण एका कांडीवर बोलणं लागेना. त्यांना समोर दिसत होतं, दापोऱ्यापासून पार शनवाऱ्यापर्यंत ट्रकची रांग आणि प्रत्येक ट्रकमध्ये चार उपाशी माणसं.

ते घराकडे पळाले. "सरु, पीठ किती हाये घरात?"

"काहून?"

"एकशे सदतीस येऊन राह्यल्या."

सरुबाईंनी काही विचारायच्या आत ते ट्रॅक्टरवर बसले, ट्रॉलीसकट तो शेतरस्त्याच्या तोंडाशी आडवा लावला आणि किल्ली खिशात टाकली.

तिकडे चांदनीला कडूने आपल्या फोनवर मेहुण्याच्या लग्नाची बातमी दोनदा वाचली. मग बायकोकडून वाचून घेतली. आधी गाड्या नेल्या तेव्हा तो गप्प बसला होता. आता गप्प बसण्यासारखं राहिलं नव्हतं. भाऊबंदांतल्या तिघांना घेऊन, दोन मोटरसायकलींवर, तो तासाभरात दापोऱ्याला पोचला. बघतो तर शेतरस्ता ट्रॅक्टर लावून बंद केलेला आणि ट्रॉलीच्या आड दाजी लपून बसलेले.

कडू खाली उतरला. त्याने रागाने बोलायचं नाही असं रस्त्यात ठरवलं होतं.

"दाजी, खरं सांगा. मांगितली का नाही तुम्ही?"

"मांगितली," सुकलाल म्हणाले. "सकाळी मीच मांगितली. त्याच्यात लपवासारखं काय हाये?"

"आन घरात हाये ती?"

सुकलालांनी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर थाप मारली, पण कडूचं लक्ष घराच्या दाराकडे होतं. तिथे सरुबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"घरची कुठवर पुरंल भाऊ? पस्तीस वर्सं झाली. चढावर दम टाकते. आवाज बी लई करते आता."

"म्हनून दुसरी?"

"एकच मांगितली रे मी. एकच. मांगच्या गुरुवारी बी एकच मांगितली होती, तं सहा आल्या."

कडूबरोबरच्या माणसांपैकी एकजण मोटरसायकलवर परत बसला.

"सहा?" कडू म्हणाला. लग्न डोक्यात बसलेलं, गुरुवारच्या गाड्या त्याला आठवल्याही नाहीत.

"सहा. चहापानी केलं, जेऊ घातलं आन पाच वापस लावून देल्या. तुह्या बहिनीनंच भाकरी केल्या साऱ्यायच्या. इचार तिले." सुकलालांचा आवाज रडवेला झाला. "आन आज एकशे सदतीस येऊन राह्यल्या. आता तूच सांग कडू, मी येकटा मानूस. किती सांभाळू?"

कडू बांधावर खाली बसला. मेहुण्याला उन्हाची बाधा झाली आहे की काय, असं त्याला वाटायला लागलं. त्याने फोन काढून सुकलालांसमोर धरला. सुकलालांनी ते वाचलं. श्री. सुकलाल महाजन, विवाह. त्यांनी आपलं नाव, गाव तपासलं. मग ते हळूच सरुबाईंकडे बघून म्हणाले, "सरु, मले खरंच काही माहीत नाही वं."

शनवाऱ्याला अरविंदभाऊंचा फोन आला होता. "मृणालताई, सुकलालभाऊंचं लग्न आहे काय? मी पण शुभेच्छा दिल्या. नंतर ध्यानात आलं, वहिनी तर आहेत."

मृणालने पडदा उघडला. एका खाली एक आठ, एकशे सदतीस. वामनराव तिच्या खांद्यामागून बघत होते. त्यांना समजायला फारसा वेळ लागला नाही. दोन तारघरांत दोन वेगवेगळे तक्ते असले तर काय होतं, हे त्यांना प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं.

"तुझा आठ आणि माझा आठ," ते म्हणाले. मग त्यांनी टोपी घेतली. "चल. फोन करून सांगायची गोष्ट नाही ही."

दापोऱ्याला पोचले तेव्हा सगळे ओट्यावर होते. कडू आणि त्याचे भाऊबंद एका बाजूला, सुकलाल दुसऱ्या बाजूला, मधे सरुबाई परातीत पीठ घेऊन. पीठ भिजवलं नव्हतं. वामनराव उन्हातच उभे राहिले.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "या पोरीची नाही, सुकलालभाऊंची तर नाहीच. यांनी ट्रक मागितला. मी नंबर बदलले आणि कोणाकोणाला ते पोचले, कोणाला नाही, हे बघितलं नाही. तारेच्या नोकरीत एवढी चूक मी कधी केली नव्हती."

मग त्यांनी सगळं सांगितलं, तक्ता, नंबर, आठ. कडूला निम्मं समजलं, पण ट्रकचं समजलं आणि त्याने मडगार्डकडे पाहिलं. मघाशी दाजींनी ज्याच्यावर थाप मारली होती तो ट्रॅक्टर होता. कडू हसला नाही. बहिणीकडे बघून त्याला हसायची हिंमत झाली नाही.

"म्हनजे ह्या एकशे सदतीस लोकायनं काय लिहून धाडलं?" सरुबाईंनी विचारलं.

वामनरावांना ते बघावं लागलं नाही. "दीर्घ आणि सुखी वैवाहिक जीवनासाठी शुभेच्छा."

"कोनाले?"

वामनरावांनी टोपी सारखी केली. "तशा तर तुम्हां दोघांनाच म्हणायच्या."

सरुबाईंनी परात बाजूला ठेवली. "लांब तं झाला संसार," त्या म्हणाल्या. "आता सुखीचं पाहा."

मग त्या सुकलालांकडे वळल्या.

"जुनी झाली म्हने. आवाज करते म्हने. चढावर दम टाकते."

"ट्रॅक्टर वं, सरु," सुकलाल म्हणाले.

"मले माहीत हाये ट्रॅक्टर. तरी."

केळी मात्र पानांखाली वाट बघत होती. कडूच्या मोटरसायकलवर बसून मृणाल गावाबाहेर गेली, जिथे बोलणं लागतं तिथून तिने अरविंदभाऊंना साधा फोन केला आणि तोंडी एक ट्रक मागितला. सुकलालांनी ट्रॅक्टर बाजूला घेतला आणि तीन वाजता ट्रक आत आला. कडू आणि त्याचे भाऊबंद आलेच होते, तर त्यांनीच भरायला हात लावला. दहा घड काळवंडले होते ते बाजूला काढले. बाकीचे वाचले.

ट्रक निघायला लागला तेव्हा सरुबाई लुगडं बदलून आल्या आणि केबिनचा दांडा धरून वर चढल्या.

"कुठी चालली?" सुकलालांनी विचारलं.

"बऱ्हानपूरले. मावा जिलेबी खायाले. तुम्ही बी या. इतके लोक म्हनून राह्यले तं त्यायचा मान राखा." आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "सरक रे थोडा."

सुकलालांनी ट्रॅक्टरची किल्ली कडूकडे दिली आणि तेही चढले. ट्रक धूळ उडवत गेला.

परतीच्या रस्त्यावर वामनराव पुन्हा स्कूटरवर मागे बसले होते. मृणालने मनाशी ठरवलं होतं की इथून पुढे प्रत्येक निरोपाबरोबर यादीचाही नंबर जाईल, आणि दोघांची यादी जुळली नाही तर आधी यादी, मग निरोप. तिने ते सांगितलं. "बरोबर," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "आठ नंबर मी किती पाठवले असतील, त्याला हिशेब नाही. हजारो. पण तो ज्याच्या दारात पोचतो त्या घरात पुढे काय होतं ते आज पहिल्यांदा पाहिलं."

संध्याकाळी मालतीबाई ओसरीत लसूण सोलत बसल्या होत्या. वामनरावांनी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या, मधे कुठेही थांबल्या नाहीत, फक्त सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकत होत्या. गोष्ट संपली तेव्हा त्यांनी विचारलं, "अहो, आपल्या लग्नात किती तारा आल्या होत्या हो? मला एकही आठवत नाही. तुम्ही तारेतले, एवढे तुमचे मित्र. मला तेव्हा नवल वाटलं होतं, पण नवी होते, विचारलं नाही."

वामनरावांनी लसणाची एक पाकळी उचलली. "आल्या होत्या," ते म्हणाले. "अकरा."

"मग?"

"मी तेव्हा लाईनवरच्या एका लहान तारघरात एकटा होतो. सगळ्यांनी तिथल्याच पत्त्यावर केल्या. आणि मी रजेवर. बदली माणूस आलाच नाही. पाचव्या दिवशी मी जाऊन बसलो, कडकट्टाची चावी हातात घेतली, तर तिकडून आल्या एकामागून एक. माझ्याच लग्नाच्या अकरा तारा मीच उतरवून घेतल्या."

"आणि मला दाखवल्या नाहीत?"

"पाच दिवस उशीर झाला होता, मालती. उशिरा तार द्यायला जायची मला फार लाज वाटायची. आज देऊ, उद्या देऊ करता करता राहून गेलं. पुढच्या बदलीत कागद गेले."

मालतीबाईंनी हिशेब केला. एकोणपन्नास वर्षं झाली होती.

"काय होतं त्यांत?"

"सगळ्यांत तेच. आठ नंबर."

"सगळ्या सारख्याच?"

"सारख्याच. फक्त खाली नावं वेगळी."

मालतीबाईंनी लसणाची वाटी खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि नीट बसल्या. "म्हणा," त्या म्हणाल्या.

आत मृणाल काम करत होती, तिचे हात थांबले. ओसरीत वामनरावांनी घसा साफ केला आणि तार वाचतात तशा सपाट आवाजात सुरुवात केली. "दीर्घ आणि सुखी वैवाहिक जीवनासाठी शुभेच्छा. पूर्णचंद्र, भुसावळ. दीर्घ आणि सुखी वैवाहिक जीवनासाठी शुभेच्छा. गजानन, इटारसी. दीर्घ आणि सुखी..." मालतीबाई बोटांची पेरं मोजत होत्या. प्रत्येक तारेला वामनराव तेवढाच वेळ घेत होते, एकही शब्द गाळत नव्हते. शेवटचं नाव घेऊन ते थांबले.

मालतीबाईंनी आपल्या हाताकडे पाहिलं.

"दहाच झाल्या," त्या म्हणाल्या. "एक राहिली. नाव आठवत नसेल तर तुमचं घाला."